हिरव्या पट्टीतलं टोक

मित्रांनो, जुन्या झबल्याचं शेवटी फडकं होतं. त्याने फरशी पुसतात, नाहीतर सायकलची साखळी. माझं तसं झालं नाही. मी पिवळं झबलं आहे. माझ्या दोन्ही बाह्यांच्या टोकांना हिरव्या पट्ट्या आहेत आणि उजवी पट्टी उसवलेली आहे. ती का उसवली, तेच सांगायला बसलोय. गोष्ट गोड नाही. तरी ऐका, कारण आत्ता या घडीला तुमच्या अंगावरही कोणीतरी शिवलेलं काहीतरी आहेच.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. दुसऱ्या कुठल्या तरी मालातून उरलेलं कापड वजनावर विकत घेऊन तिथे आणलं होतं. कापड रंगवलं की ते पाण्यात पुन्हापुन्हा खळबळून काढावं लागतं, म्हणजे जास्तीचा रंग निघून जातो. माझ्या कापडाला तेवढं पाणी कोणी दिलं नव्हतं. पाणी वाचलं, जळण वाचलं, वेळ वाचला. जायचा तो रंग माझ्यातच राहिला. माझ्या अंगाला रॉकेलसारखा उग्र वास यायचा. लोक त्याला नव्या कपड्याचा वास म्हणतात आणि खूश होतात.

माझ्या बाह्यांच्या टोकाला जादा कापडाची घडी होती. ती उलटवली की बाळाचा हात आत झाकला जातो, हातमोज्यासारखा. शेवटच्या गठ्ठ्याला पिवळं कापड पुरलं नाही, म्हणून या घड्या हिरव्या लावल्या. त्या गठ्ठ्यात मी होतो.

मला शिवणाऱ्या बाईला सगळ्या जणी डबलटाका मावशी म्हणायच्या. शिवणीच्या टोकाला आल्यावर ती मशीन मागे घ्यायची आणि पुन्हा पुढे न्यायची. टाके दुहेरी बसायचे. बाकीच्या जणी हसायच्या. म्हणायच्या, मावशी, हे झबलं बाळ घालणार आहे की बाळाचा नातू? मावशी म्हणायची, हाताला सवय लागली आहे, हात माझं ऐकत नाही.

ही सवय तिला एका मोठ्या कारखान्यात लागली होती. तिथला एक नियम तिला पाठ होता. सुई मोडली की मशीन थांबवायची. सगळे तुकडे शोधायचे, एकमेकांना लावून बघायचे, अख्खी सुई जुळली तरच नवी सुई मिळायची. जुळली नाही तर तो गठ्ठा जागचा हलायचा नाही. शिवाय प्रत्येक कपडा एका यंत्राखालून जायचा आणि आत लोखंडाचा कण जरी असला तरी ते यंत्र बोंब मारायचं. म्हणून त्या कारखान्यातलं झबलं महाग पडायचं. शोधायला माणूस लागतं आणि माणसाला पगार लागतो. मग बाजारात माझ्यासारखी झबली आली, लोक आमच्यावर तुटून पडले आणि त्या कारखान्याला टाळं लागलं. मावशी शेडमध्ये आली.

शेडमध्ये सुई मोडली तर तिचे पैसे शिवणारीच्या मजुरीतून कापून घ्यायचे. म्हणून तिथे सुया मोडतच नसत. म्हणजे मोडायच्या, पण कोणी सांगायचं नाही. प्रत्येकीच्या पिशवीत साबणाच्या तुकड्यात खोचलेल्या स्वतःच्या सुया असायच्या. मोडली की गुपचूप दुसरी लावायची आणि मान खाली घालून पुढे चालायचं. मोडलेलं टोक कुठे गेलं, हे कोणी कोणाला विचारत नसे. तिथला देखरेख करणारा माणूस दिवसभर एकच शब्द बोलायचा, म्हणून बायकांनी त्याचं नावच चलाचला ठेवलं होतं.

माझ्या उजव्या बाहीची पट्टी मशीनखाली होती, तेव्हा दारात टेम्पो उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मावशीने सवयीने टाका मागे घेतला. तिथे कापड चौपदरी होतं. कट् आवाज झाला. सुईचा वरचा भाग मशीनमध्येच राहिला आणि टोक माझ्या शिवणीत शिरून आडवं पडलं, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान.

मावशी वाकून शोधू लागली. तेवढ्यात चलाचला आला आणि त्याने गठ्ठ्याला हात घातला.

"थांबा, सुईचं टोक सापडत नाहीये," ती म्हणाली.

"सुईचं नंतर बघू, टेम्पो थांबणार नाही," तो म्हणाला आणि त्याने मला उचललं.

मी गोणीत गेलो. माझ्या आत लोखंड होतं आणि मला तोंड नव्हतं.

शेडमध्ये मागे काय झालं, ते मला पुढे मावशीच्याच तोंडून कळलं. सुटी झाल्यावर ती तशीच थांबली. तिच्या घरी एक मोडका स्पीकर पडला होता. त्यातलं चकतीसारखं चुंबक घेऊन ती परत आली आणि तिने मशीनखालची फरशी त्या चुंबकाने पिंजून काढली. चुंबकाला दाढी फुटली. सुयांची टोकंच टोकं, गंजलेली, काळी पडलेली. तिचं टोक नवं आणि चकचकीत होतं. ते काही त्यात नव्हतं. फरशीवरची ही इतकी, मग कपड्यांमधून बाहेर गेलेली किती?

दुसऱ्या दिवशी तिने चलाचलाला माल कुठे गेला ते विचारलं. तो हसला. माल गेला म्हणजे गेला, म्हणाला, आणि टोचलंच कुणाला तर 'आई गं' म्हणेल, त्यात काय एवढं.

मित्रांनो, तो माणूस राक्षस नव्हता. त्यालाही वरून कोणीतरी 'चला, चला' म्हणत होतं. पण म्हणून मी त्याला माफ करणार नाही.

मी बाजारात एका हातगाडीवर ढिगात येऊन पडलो. तिथे एक रंगारी आला. घरांच्या भिंती रंगवणारा. त्याच्या बोटांना ओला पांढरा रंग होता आणि त्याने माझ्या शेजारचं झबलं उचलताना त्यावर अंगठा उमटवला. गाडीवाला भडकला, हे आता तूच घे म्हणाला. रंगारी म्हणाला, मी रंगवायचे पैसे घेतो, देत नाही. बरीच वादावादी झाली. शेवटी त्याने मला उचललं. पिवळ्यावर हिरवा कसा उठून दिसतो, असं तो स्वतःशीच म्हणाला. त्याच्या खिशात जे होतं, त्यात मीच येत होतो.

घर म्हणजे जिन्याच्या टोकाची एक खोली. एक खाट, एक शेगडी, बसायला रंगाचे रिकामे डबे. माणसं चार. रंगारी, त्याची बायको, त्याची आई आणि दात यायच्या आधीच सगळं चावून बघणारी एक मुलगी. तिला सगळे पिल्लू म्हणत.

पिल्लूच्या आईने मला बादलीत बुडवलं. पाणी झटक्यात पिवळं झालं. तिने घाईने मला बाहेर काढलं आणि म्हणाली, रंग जातोय, याला फार धुवायला नको. माझ्यातलं नको ते पाण्याबरोबर निघून चाललं होतं, तेवढ्यात ते थांबलं. आणि पाणी पिवळं झाल्यावर तीन मोठ्या माणसांपैकी एकालाही वाटलं नाही, की हा रंग बाळाच्या घामातही उतरेल. त्यांना दोष देत नाही. नवा कपडा म्हणजे स्वच्छ कपडा, असंच सगळे समजतात.

मी पिल्लूच्या अंगावर चढलो. ती हात हलवायची आणि माझी शिवण ताणली जायची. मावशीच्या दुहेरी टाक्यांनी टोक आवळून धरलं होतं. ताणता ताणता एक टाका सैल झाला. टोक थोडं फिरलं आणि आता ते आडवं नव्हतं.

पहिला ओरखडा पिल्लूच्या मनगटावर उमटला. केसासारखा बारीक, लाल. मग एक गालावर, कारण झोप आली की ती मनगटाने तोंड चोळायची. आजी म्हणाली, नखं वाढलीत. आईने नखं कापली. दुसऱ्या दिवशी नवा ओरखडा. आजी म्हणाली, नीट कापली नाहीस, कोपरे राहिलेत. आईने कोपरे घासले. तिसरा ओरखडा. आता आजी रंगाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटली, की आमच्या वेळी मुलांच्या नखांकडे बघायला बायकांना वेळ असायचा. आईने जेवणाचं ताट बाजूला सरकवलं आणि पिल्लूची नखं इतकी मुळापर्यंत कापली, की एका बोटाला रक्त आलं.

मी ओरडत होतो. नखं नाहीत, मी आहे. कपड्याचं ओरडणं कोणाला ऐकू येतं?

ते तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. तपासायला मला काढून खुर्चीवर टाकलं आणि पिल्लू हसायला लागली. डॉक्टर म्हणाले, हसतंय की बाळ, स्वतःच ओरबाडत असेल, हात झाकून ठेवा. घरी येताना सगळे म्हणत होते, हिला डॉक्टर फार आवडलेले दिसतात. मला काढलं की ती हसते आणि घातलं की रडते, एवढी साधी गोष्ट तीन मोठ्या माणसांच्या नजरेसमोर होती. पण कपड्यावर संशय घ्यायचा असतो, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

मग आईने ते केलं, ज्याची मला सर्वांत जास्त भीती होती. तिने माझ्या हिरव्या घड्या उलटवल्या आणि पिल्लूचे दोन्ही हात आत कोंडले. बरं झालं याला घड्या आहेत, म्हणाली, किती सोयीचं झालं. टोक आता त्या कोवळ्या मुठीबरोबर एकाच पिशवीत बंद झालं. पिल्लू किंचाळून रडू लागली. आजी म्हणाली, हात बांधल्याचा राग आलाय, होईल सवय.

आणि सवय झाली, मित्रांनो. हात मिळेना, तशी पिल्लू ती हिरवी घडीच तोंडात घालू लागली. दिवसभर चोखायची. ओल्या कापडात धागा ढिला पडतो. एकेक टाका सुटत गेला आणि टोक घडीच्या काठाकडे सरकत गेलं. ती मला हिरड्यांनी चावायची, ओढायची, पुन्हा चावायची. आता ते टोक एका शेवटच्या टाक्यावर अडकलं होतं. तो टाका मावशीने मागे घेतलेला होता. तो सुटला असता, तर टोक सरळ तिच्या घशात गेलं असतं. मी त्या एका टाक्याला धरून बसलो होतो.

मावशी इकडे गप्प बसली नव्हती. टेम्पोचा ड्रायव्हर पुढच्या खेपेला आल्यावर तिने त्याला गाठलं आणि कोणत्या बाजारात माल टाकला ते काढून घेतलं. तिच्या सुटीच्या दिवशी ती पदरात चुंबक बांधून बाजारात गेली आणि हातगाडीवरच्या ढिगात शिरली. हिरव्या पट्टीची झबली तिने एकेक करून चुंबकावरून फिरवली. सगळी गप्प. गाडीवाला वैतागला, घ्यायचंय की कुरवाळायचंय म्हणाला. तेवढ्यात तिच्या हाताला पांढऱ्या अंगठ्याचं झबलं लागलं. हे काय, विचारल्यावर त्याने सगळा राग ओकला. एक रंगारी हे खराब करून गेला आणि याच्याच जोडीचं दुसरं घेऊन गेला. हिरव्या पट्टीचं तेवढं एकच विकलं गेलंय, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शेडला दांडी मारली आणि गवंडी, रंगारी कामाची वाट बघत उभे राहतात त्या चौकात गेली. तिथे ती विचारत सुटली, लहान बाळ कोणाच्या घरी आहे? सगळ्यांच्याच घरी होती. एक जण म्हणाला, "मावशी, घर रंगवून घ्यायचंय की रंगाऱ्याचं पोर पळवायचंय?" सगळे हसले. ती हसली नाही. तिने विचारलं, "तुमच्यापैकी कोणाच्या बाळाच्या हातावर ओरखडे येतायत का?"

मागे उभ्या असलेल्या एका माणसाच्या हातातून रंगाचा ब्रश खाली पडला.

दोघं धावतच जिना चढून आले. मी तेव्हा पिल्लूच्या अंगावर होतो आणि उजवी घडी तिच्या तोंडात होती. मावशीला धड बोलताही येईना, धाप लागली होती. ती म्हणाली, मी हे झबलं शिवलंय, त्यात सुई आहे, डाव्या पट्टीत. रंगाऱ्याने पिल्लूचा डावा हात पुढे धरला. मावशीने चुंबक फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. काही नाही. नाही म्हणजे गेली कुठे? पिल्लूच्या आईने एकदम बाळाच्या तोंडाकडे बघितलं.

उजवी, मावशी, उजवी. शिवताना मी उलटा होतो ना. उलटं झबलं सरळ केलं की डावी बाही उजवी होते. तुझ्या हातून असली हजारो गेलीत, आठव.

तिला आठवलं. काही न सांगता तिने पिल्लूच्या तोंडात बोट घातलं आणि उजवी घडी बाहेर ओढली. आजीने तिचं मनगट गच्च पकडलं. अनोळखी बाई बाळाच्या तोंडात हात घालते, म्हटल्यावर कोण सोडेल? दोघींची ओढाताण झाली. त्या ओढाताणीत मावशीच्या दुसऱ्या हातातलं चुंबक माझ्या ओल्या पट्टीजवळून गेलं आणि माझं कापड आपोआप उचललं गेलं.

टिक्.

सगळे जागच्या जागी थांबले. पिल्लू तेवढी हात मोकळा झाला म्हणून हसली. मावशीने पट्टी उसवली. शेवटचा टाका तिला नखानेच काढता आला, इतका तो झिजला होता. टोक चुंबकावर उभं राहिलं, चकचकीत.

आजीने पिल्लूची मुळापर्यंत कापलेली बोटं एकेक करून आपल्या ओठांना लावली. सुनेकडे बघायचं तिला धाडस होईना. मग पिल्लूच्या आईने मावशीला विचारलं. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

"तुमच्या घरच्या बाळाला हे घातलं असतंत?"

मावशीला खोटं बोलता आलं असतं. ती खोटं बोलली नाही.

"नाही. माझ्या नातीला मी तिथलं काही घेत नाही. आमच्यातली कोणीच घेत नाही."

मित्रांनो, कपडा सुरक्षित आहे का, हे माझ्या आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी खरं सांगितलं.

पिल्लूच्या आईने मला काढलं आणि मावशीच्या हातात दिलं. जिथे शिवलंत तिथेच नेऊन दाखवा, एवढंच म्हणाली.

मावशीने नेलं. शेडमध्ये तिने मला मशीनच्या दिव्याच्या दांडीला टांगलं आणि खाली चुंबकावर ते टोक ठेवलं. चलाचला म्हणाला, उतरवा ते. ती म्हणाली, सुई मोडली की टोक सापडेपर्यंत गठ्ठा उचलायचा नाही, आणि सुईचे पैसे कापायचे नाहीत, म्हणजे बायका लपवणार नाहीत. एवढं कबूल करा, मी उतरवते. त्याने तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मशीनवरच्या एकीनेही मान वर केली नाही. शेडमधल्या मशीन चालूच होत्या. मला त्या बायकांचा फार राग आला. पोटासाठी गप्प बसणाऱ्यांचा राग येतो, कारण आपल्यालाही तेच करावं लागेल हे माहीत असतं.

मावशीने आपली पिशवी भरली. जाण्याआधी मशीनवर बसून तिने एक शेवटचं काम केलं. मला दुमडलं, माझ्या पोटात चुंबक ठेवलं, तोंड शिवून टाकलं, अर्थातच दुहेरी टाक्याने, आणि मला शेजारच्या मशीनवालीच्या मांडीवर ठेवून ती निघून गेली. त्या बाईने मान खालीच ठेवली. पण तिने मला खाली टाकलं नाही.

तेव्हापासून मी टेबलांखालून फिरतो. या मांडीवरून त्या मांडीवर. गठ्ठा बांधण्याआधी बायका मला प्रत्येक कपड्यावरून फिरवतात आणि टोक मिळालं की काढून साबणात खोचतात. चलाचलाला वाटतं, कंबर दुखते म्हणून बायका उशी फिरवतात. एकदा त्याने मला हातात घेऊन दाबून पाहिलं आणि म्हणाला, फारच टणक आहे. बायकांच्या तोंडाचा कोपराही हलला नाही.

आता माझी विनंती ऐका. स्वस्त घेऊच नका, असं मी सांगणार नाही. ते सांगणाऱ्यांचे खिसे वेगळे असतात. पण नवा कपडा धुतल्याशिवाय अंगात घालू नका, आणि रंग जात असेल तर पाणी स्वच्छ होईपर्यंत जाऊ द्या, जीव अडकवू नका. उग्र वास म्हणजे नवेपणा नव्हे. घालण्याआधी कपडा उलटा करा आणि प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवा. घरातलं बाळ कशाने रडतंय ते कळेना, तर त्याच्या आईला बोल लावण्याआधी त्याचे कपडे काढून बघा. आणि दुकानदाराला विचारा, एवढं स्वस्त कसं परवडतं? तो म्हणेल, आम्ही नफा कमी घेतो. तेव्हा त्याला विचारा, तुमच्या घरी कोण घालतं हे? आणि त्याचा चेहरा बघा.

एवढं बोलून मी थांबणार होतो. पण आज सकाळची गोष्ट राहिली. टेम्पो दारात होता, हॉर्न वाजत होता आणि मी लहान मुलांच्या झबल्यांच्या गठ्ठ्यावरून फिरत होतो. एक गप्प. दुसरं गप्प. मग टिक्. टोक शिवणीत फार आत गेलं होतं, नेमकं कुठे ते बोटाला लागेना. चलाचला आला आणि त्याने गठ्ठ्यावर हात टाकला. पूर्वी जिच्या मांडीवर मावशीने मला ठेवलं होतं, त्याच बाईने आपला हात त्याच्या हातावर ठेवला.

"टोक सापडत नाहीये," ती म्हणाली.

तो म्हणाला, चला, चला.

तिने मशीनचं बटण बंद केलं. मग शेजारची मशीन बंद झाली. मग तिच्या पलीकडची. मी या शेडमध्ये जन्मलो, पण इथे इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बाहेर हॉर्न वाजतोय. गठ्ठा अजून जागचा हललेला नाही.